गुळातली भेंडी

ज्योतीराम गुळव्या प्रयोगशाळेतलं स्पिरिट पितो आणि म्हणूनच साहेबांनी त्याला पुन्हा बाटल्या धुवायला बसवलं, ही बातमी चिंचवड स्टेशनच्या दोन्ही अंगांच्या घरांत एका दिवसात पोचली. पोस्टमनला तेवढ्यालाच तीन दिवस लागले असते. पण माझं शिवणाचं दुकान स्टेशनच्या वाटेवर आहे, आणि त्या दिवशी मी सात गिऱ्हाइकांची मापं घेतली.

बातमी खोटी होती. ज्योतीराम पीत नाही. पानसुद्धा खात नाही. चहा पुढे केला तर निम्मा बशीत ओतून परत सरकवतो. त्याच्या अंगाला स्पिरिटचा वास यायचा हे मात्र खरं. दुकानामागेच माझं घर, आणि त्याचं घर माझ्या घराला लागून. मधे एक कुडाची भिंत. वारा इकडचा असला की मला घरबसल्या कळायचं, ज्योतीराम कामावरून आला. तो वास कशाचा, हेही मला ठाऊक होतं. तरी मी सात जणांना सांगितलं. आता बाकीचं सांगतो, म्हणजे हिशेब थोडा तरी सरळ होईल.

तो मूळचा थेरगावचा. पवनेच्या काठानं ऊस, आणि उसामागून गुऱ्हाळ. गुऱ्हाळात ऊस पिळायचा चरक बैल ओढतात, जाळ कोणीही घालतो, पण रस आटवायच्या काहिलीपाशी उभा राहून "उतरवा आता" असं सांगणारा माणूस एकच असतो. तो गुळव्या. उकळता पाक थेंबभर गार पाण्यात सोडायचा, त्याची गोळी बोटांत वळायची आणि काहिलीच्या काठावर मारायची. टणकन वाजली की गूळ झाला. एवढ्याशा आवाजावर अख्खं आधण, म्हणजे काहिलीभर गूळ, ठरतं. ज्योतीरामचं आधण बिघडल्याचं थेरगावात कोणी ऐकलं नव्हतं. पुढे भावकीत वाटण्या झाल्या, काहील चुलतभावाकडे गेली, आणि हा नदी ओलांडून बायकोसह चिंचवडला आला.

पिंपरीत पेनिसिलिनचा मोठा सरकारी कारखाना नुकताच उभा राहिला होता. सगळ्यांना नोकरी तिथे हवी असायची. ज्योतीरामला मिळाली ती तिथली नव्हे. चिंचवडला रेल्वेलाईनला लागून दोन पत्र्यांच्या शेडी होत्या, वर पाटी 'प्राणदा केमिकल वर्क्स'. तिथे तो पंचावन्न साली बाटल्या धुवायला लागला. अंगात खाकी सदरा, हात दिवसभर सोड्याच्या पाण्यात.

तिथले मुख्य डॉक्टर लक्ष्मणराव टिपणीस. हे ताप बघणारे डॉक्टर नव्हेत. विलायतेला जाऊन रसायन शिकून आलेले. कोटाची बटणं नेहमी मोजून तीन सांगायचे आणि लावायचे एकच. तर या साहेबांचा जीव कशावर जडला होता म्हणाल? शिळ्या रसावर. चरकाची पन्हळ नीट धुतली नाही की उसाचा रस बुळबुळीत होतो, पळी उचलली तर लाळेसारखा लोंबतो. गुळव्या असल्या रसाला शिव्या घालतो, कारण त्याचा गूळ बसत नाही. साहेब म्हणायचे, हे जंतूंचं काम. डोळ्यांना न दिसणारे जंतू रसातली साखर खातात आणि साखरेचेच मणी ओवून लांबच लांब साखळी करतात. ती साखळी शुद्ध करून, बेताची तोडून मिठाच्या पाण्यात घातली, तर रक्त वाहून गेलेल्या माणसाच्या शिरेत सोडता येते. रक्त मिळेपर्यंत जीव तग धरतो. परदेशात अशा बाटल्या मिळत होत्या. साहेबांना त्या चिंचवडच्या पत्र्याखाली करायच्या होत्या. हेतू चांगला होता, हे आधीच लिहून ठेवतो. पुढे लिहायला सुचणार नाही.

तसला बिघडलेला रस कुठे मिळेल, म्हणून साहेबांनी शेडमध्ये विचारलं. बाटल्या धुणारा म्हणाला, "आमच्या चुलतभावाकडं मिळंल की. त्यो पन्हळ कवाच धूत न्हाई." दुसऱ्या दिवशी ज्योतीराम लोटाभर तसला रस घेऊन आला, आणि त्यातले जंतू साहेबांच्या बरण्यांत राहायला गेले. भावकीतल्या आळसाचा असा उपयोग मी दुसरीकडे पाहिला नाही.

पण शिरेत सोडायची वस्तू म्हणजे ती कशाची बनली आहे ते आधी कळायला हवं. साखळीत मणी कोणकोणते, आणि कोणी कोणाचा हात कसा धरलाय. बरण्यांत जंतू वाढले की त्यात स्पिरिट ओतायचं. चिकट पदार्थ पांढऱ्या दोरासारखा खाली बसतो. तो धुवायचा, वाळवायचा, पुन्हा विरघळवायचा, पुन्हा स्पिरिट ओतायचं. हे काम ज्योतीरामकडे आलं. वासाचं मूळ ते. मग तो पदार्थ आम्लात उकळायचा, म्हणजे साखळी तुटून मणी सुटे होतात. त्या पाण्याचा थेंब एका लांब जाड कागदाच्या कडेला लावायचा, कागद काचेच्या पेटीत टांगायचा, वरून एक द्रव हळूहळू खाली झिरपू द्यायचा. प्रत्येक जातीची साखर आपापल्या चालीनं कागदावरून खाली उतरते. कोणी रेंगाळते, कोणी पळते. शेवटी औषध फवारून कागद भट्टीत धरला की ज्या त्या जागी तपकिरी डाग उठतात. डाग किती लांब गेला, त्यावरून साखर ओळखायची.

सगळी मेख त्या थेंबात. थेंब मोठा पडला की डाग पसरतो आणि दोन साखरा एकमेकींच्या गळ्यात पडतात. शेडमध्ये उद्धवराव म्हणून एक बी.एस्सी. झालेले नांदेडकडचे गृहस्थ होते. हुशार माणूस, पण थेंब असा लावायचे की कागदावर भजी तळल्यासारखी दिसायची. एकदा साहेब वैतागले तेव्हा मागे बाटल्या घेऊन उभा असलेला ज्योतीराम म्हणाला, "मी लावून बगू का?" त्यानं बारीक काचनळीनं ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब लावला, फुंकून वाळवला, त्याच जागी दुसरा, पुन्हा वाळवून तिसरा. डाग उठले ते शिक्का मारल्यासारखे. तेव्हापासून थेंब ज्योतीरामचे.

मण्यांनी हात कसे धरलेत ते कसं ओळखतात, हे मला त्यानंच माझ्या दुकानात बसून सांगितलं.

"मास्तर, पोरी हात धरून उभ्या हायत समजा. कुनी कोन्त्या हातानं कुनाला धरलंय, लांबनं दिसत न्हाई. मंग काय करायचं? सगळ्यांच्या हातांवर गुलाल टाकायचा. आन् मंग त्यांना सोडवायचं. ज्या तळव्याला गुलाल न्हाई, त्यो धरलेला व्हता."

"आणि साहेब गुलाल कुठून आणतात?"

"बाटलीतनं येतो. इषारी असतो. वास घ्यायचा न्हाई."

पुढे मी साहेबांना विचारलं, हे बरोबर आहे का. ते म्हणाले, "कोणी सांगितलं?" मी नाव सांगितलं. साहेबांचा चेहरा असा झाला की उत्तर बरोबर आहे हे मला कळलं.

छप्पन साल सरता सरता साहेबांनी शब्द दिला: ज्योतीरामला प्रयोगशाळा सहायक म्हणून कायम करायचं. पांढरा कोट. ज्योतीराम संध्याकाळी दुकानात आला आणि दारातच उभा राहिला.

"मास्तर, माप घ्या."

"कशाचं? सदरा तर गेल्या महिन्यात शिवला."

"कोटाचं. पांढऱ्या." आणि मग हळूच, "बाह्या जरा लांब ठेवा. वाकून थेंब लावायचा असतो."

मी छाती मोजताना त्याला म्हटलं, अर्धा इंच जास्त धरतो, कायम झाल्यावर फुगेल. तो हसला. त्याची बायको मंजुळाबाई अंगणातून ओरडली, "दोन इंच धरा, आताच फुगलीया!" कोट मी आठ दिवसांत शिवला. कायमपणाचा कागद यायचा होता, म्हणून तो दुकानात खुंटीवर टांगून ठेवला.

सत्तावन्न साली कंपनीच्या मालकांचा निरोप आला की बरण्यांत पांढऱ्या साखरेऐवजी गूळ घाला. साहेबांनाही ते आवडलं. देशी पदार्थावर देशी जंतू. गूळ आणायला अर्थातच ज्योतीराम. तो थेरगावला गेला आणि चुलतभावाच्या काहिलीपाशी स्वतः उभा राहून, पिवळाधमक, एक नंबर गूळ करून घेऊन आला. साहेबांना द्यायचा म्हटल्यावर हात कशाला आखडता घेईल?

त्या गुळावर वाढवलेल्या पदार्थाचा कागद भट्टीतून निघाला आणि शेडमध्ये गडबड उडाली. एरवी एकच डाग असायचा. आता त्याच्या जरा मागे दुसरा, आणि बराच पुढे पळालेला तिसरा. साहेबांनी पुस्तकं काढली. अशी रचना जगात कोणी लिहिलेली नव्हती. पदार्थ नवा, म्हणजे जंतूही नवा! फळ्यावर साखळीचं चित्र निघालं, मधून फांद्या फुटलेल्या, आणि फांद्यांच्या टोकांना त्या दोन नव्या साखरा बसवलेल्या. लेख लिहून विलायतेला गेला. मालकांनी पेढे वाटले. आमच्या आळीतही आले. ज्योतीरामनं मला दिले ते मी खाल्ले, आणि चिंचवडचा जंतू विलायतेला निघाला म्हणून गिऱ्हाइकांना दोन दिवस सांगत बसलो.

ज्योतीरामनं मात्र पेढा हातात धरून ठेवला होता. "डाग फिक्कट-गडद व्हत्यात, मास्तर," तो म्हणाला. "ज्या ढेपेचा रंग चांगला, तिचे डाग गडद. जंतूला गुळाच्या रंगाशी काय करायचंय?"

उत्तर त्याला पंधरा दिवसांनी गुऱ्हाळावरच मिळालं. गूळ आणायला गेला होता. चुलतभाऊ रानभेंडीची ताटं ठेचून बादलीत घोळत होता. आमच्याकडे रस उकळताना त्यात भेंडीचं बुळबुळीत पाणी घालतात. मळी त्याला धरून वर येते, ती झाऱ्यानं काढायची, रस नितळ होतो, गूळ पिवळा येतो. लहानपणापासून ज्योतीरामनं हे हजार वेळा केलं होतं. चुलतभावानं मूठ बादलीतून वर काढली आणि बोटांमधून तार लोंबली. ज्योतीराम तिथेच खाली बसला. साहेबांच्या बरणीतली तार आणि ही तार.

तो बोलायला धावला नाही. बाटलीभर भेंडीचं पाणी घेऊन आला. त्यात स्पिरिट ओतलं, दोर बसला. दुसऱ्या भांड्यात नुसता गूळ विरघळवला, त्यात जंतू सोडलेच नाहीत, आणि स्पिरिट ओतलं. थोडा का होईना, पण दोर बसला. दोन्ही आम्लात उकळले. एकाच कागदावर शेजारी शेजारी तीन थेंब लावले: साहेबांचा पदार्थ, भेंडी, आणि बिनजंतूचा गूळ. भट्टीतून कागद काढला, तर ते दोन नवे डाग तिन्ही ठिकाणी एका ओळीत उभे. जंतू नसलेल्या गुळातही.

पुढचं मी ज्योतीरामकडून ऐकलं आणि उद्धवरावांकडूनही. दोघांचं जुळतं.

साहेबांनी कागद पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "हा कागद वापरायला तुला कोणी सांगितलं?"

"कुनी न्हाई, साहेब. पर भेंडी हाय त्यात."

उद्धवराव हसले. "आता भाकरी बी लावून बगा की कागदावर. भेंडीसंगं चांगली लागती."

साहेब हसले नाहीत. "भेंडी मळीबरोबर निघून जाते. तूच काढतोस ना मळी?"

"सगळी कुठं निगती, साहेब? थोडी ऱ्हातीच. एक बरणी पांढऱ्या साकरंवर लावा. डाग आले, तर मी खोटा."

एक बरणी. चार दिवसांचं काम. पण लेख गेला होता, पेढे वाटून झाले होते. साहेबांनी टेबलावर नोंदवही उघडली. त्या महिन्याच्या पानाखाली त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: नमुना शुद्ध, भेसळ नाही. खाली थेंब लावणाऱ्यानं सही करायची रीत होती, ती जागा रिकामी होती. वहीशेजारी साहेबांनी दुसरा कागद ठेवला, कायमपणाचा. त्याच्याही खाली जागा रिकामी.

"दोन सह्या आहेत, ज्योतीराम. इथे तू करायची, तिथे मी."

ज्योतीरामनं दोन्ही कागद वाचले. मराठी चौथी झालाय. वेळ लागतो, पण वाचतो. मग म्हणाला, "भेंडी मी सोता घातलीया, साहेब. न्हाई म्हणून सही कशी करू?"

तीन थेंबांचा तो कागद साहेबांनी चार घड्या करून खिशात घातला. दुसऱ्या दिवसापासून ज्योतीराम पुन्हा सोड्याच्या पाण्यात. पण इतक्या कुशल माणसाला खाली उतरवायचं तर कागदावर कारण हवं. साहेबांनी लिहिलं: कामावर असताना अंगास मद्याचा वास येतो, हात स्थिर नाही. उद्धवराव विजारीला ठिगळ लावायला आले, त्यांनी मला ते सांगितलं. मी तोंडावर हात ठेवून "अरेरे" म्हटलं, आणि ठिगळ लावून होण्याआधी दोघांना सांगून मोकळा झालो. साहेबांच्या स्वतःच्या कोटाला इस्त्री करताना तोच वास मला दर आठवड्याला येत होता. ते कोणाला सांगायचं सुचलं नाही.

मला तेव्हा ती नुसती गंमत वाटली होती. पण मारुतीच्या देवळात भजनाला ज्योतीराम टाळ घेऊन बसायचा, तिथे आळीतल्या कोंडाजीनं सगळ्यांदेखत त्याचं तोंड हुंगलं. टाळ ठेवून तो उठला, पुन्हा गेला नाही. विहिरीवर बाया मंजुळाबाईला विचारायच्या, "घरी आनतो का तिकडंच संपवतो?" पहिल्यांदा ती भांडली. मग भल्या सकाळी, कोणी नसताना पाणी भरायला लागली. मी कुडाच्या अलीकडून तिच्या घागरीचा आवाज ऐकायचो. ज्योतीराम माझ्याशी बोलायचा थांबला नाही, हे जास्त लागलं. एकदाच खुंटीकडे बघून म्हणाला, "मास्तर, कोट उसवून टाका. कापड चांगलं हाय, कुनाच्या तरी उपेगी पडंल."

मी उसवला नाही. आळस, दुसरं काय.

लेख विलायतेत दीड वर्ष या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. एकुणसाठ साली पत्र आलं. तिथल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकानं अदबीनं लिहिलं होतं की या दोन साखरा वनस्पतीच्या चिकापासून आल्यासारख्या दिसतात. आपण जंतू कशावर वाढवले? शुद्ध साखरेवर करून पाहावे. साहेबांनी ते पत्र तीन दिवस खिशात ठेवून दिलं. मग एक बरणी पांढऱ्या साखरेवर लावली. चार दिवसांचं काम. कागदावर एकच डाग. फळ्यावरच्या चित्रातल्या फांद्यांवरून त्या दोन साखरा पुसल्या गेल्या. साखळी सगळी एकाच जातीच्या मण्यांची, आणि बहुतेक मण्यांनी एकमेकांना एकाच पद्धतीनं धरलेलं. विलायतेत हे आधीच माहीत होतं.

साहेबांची मात्र नाचक्की झाली नाही. उलट. त्यांनी दुसरा लेख लिहिला: देशी गुळात राहणाऱ्या भेंडीच्या चिकामुळे जंतूंच्या पदार्थाची परीक्षा कशी फसते, आणि ती चूक कशी ओळखावी. हा मात्र छापून आला, पहिल्याहून मोठा मान घेऊन. पुण्यात सत्कार ठरला. सत्काराचा कोट मीच शिवला. उद्धवरावांनी दुकानात बसून मला लेख मराठीत वाचून दाखवला. "गूळ तयार करताना भेंडी वापरण्याच्या स्थानिक रीतीकडे लेखकाचे लक्ष गेले." कसं गेलं, ते नव्हतं. शेवटी आभार होते: मालकांचे, म्हाताऱ्या प्राध्यापकांचे, उद्धवरावांचे. सोबत कागदाचा फोटो होता: तीन थेंब, एका ओळीत डाग. चार घड्यांच्या रेघासुद्धा दिसत होत्या.

"उद्धवराव," मी म्हटलं, "ही भजी तुमची नाहीत."

ते म्हणाले, "मास्तर, तुमी बटन लावा की." पण वर बघितलं नाही.

सत्कारानंतरच्या आठवड्यात साहेबांचा निरोप आला. त्यांना आता दुसऱ्या एका जंतूचा पदार्थ हाती घ्यायचा होता, आणि उद्धवरावांचे थेंब काही सुधारले नव्हते. निरोप असा: ज्योतीरामचा तो पांढरा कोट अजून असेल तर घेऊन या.

मी कोट झटकला, इस्त्री केली, आणि घडी करून हातावर घेऊन शेडमध्ये गेलो. ज्योतीराम मागच्या हौदापाशी बाटल्या धूत होता. साहेब स्वतः तिथे आले. अशा वेळी ते फार गोड बोलतात.

"ज्योतीराम, झालं गेलं सोडून दे. तू म्हणत होतास त्यात तथ्य होतं, हे मी नाकारत नाही. पण शास्त्रात घाई चालत नाही. आता तुझा हात लागणार आहे. कायमचा कागद तयार आहे, मी सही केली आहे. हा बघ, मास्तरांनी कोटही आणलाय. तुझ्या बाजूनं काही अडचण?"

मी कोट पुढे धरला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग कोटाकडे. हातातली बाटली विसळून पालथी घातली. हात सदऱ्याला पुसले, पण कोटाला लावले नाहीत. मग साहेबांना म्हणाला:

"साहेब, गुळात भेंडी हाय, हे तुमी दोन वर्सांनी कागदावर लिवलं. मी दारू पीत न्हाई, हे लिवा, मंग कोट घालतो."